वाचकांचे प्रश्न : फायबरचा पाटा पोलादाची जागा घेतो तेव्हा

प्रश्न : गाडीचं वजन एक्सलवर झेलणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, म्हणजे पाटा (लीफ स्प्रिंग), आता काचेच्या धाग्यांची, म्हणजे फायबरची, मिळते. पण काच ठिसूळ असते, मग काचेच्या धाग्यांची स्प्रिंग टिकते कशी? शिवाय हे साहित्य पोलादापेक्षा पाचपट मऊ असेल, तर पाटा जाड करावा लागून वजन उलट वाढायला हवं ना?

उत्तर : काच फुटते ती पृष्ठभागावरच्या चिरेपासून. काही मायक्रॉन जाडीच्या ताज्या धाग्यात अशा चिरा फार लहान असतात. त्यातून प्रत्येक धागा इपॉक्सीत, म्हणजे घट्ट होणाऱ्या राळेत, वेगळा बसवलेला असल्यामुळे एक तुटला तरी ती चीर सहसा शेजारच्या धाग्यात शिरत नाही.

आता वजनाचं. स्प्रिंग जोखायची ती किलोमागे किती ऊर्जा साठवते यावर. साठणारी ऊर्जा प्रतिबलाच्या (दर क्षेत्रफळावर येणाऱ्या जोराच्या) वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि यंगच्या गुणांकाच्या (साहित्याच्या ताठपणाच्या मापाच्या) व्यस्त प्रमाणात बदलते. म्हणजे तुम्ही ज्याला दोष मानता तो मऊपणाच इथे कामाला येतो. स्प्रिंगच्या पोलादाचा गुणांक सुमारे 206 गिगापास्कल. सतत हेलकावे सोसण्यासाठी 800 मेगापास्कल प्रतिबल धरलं, तर एका किलोत साधारण 200 ज्यूल ऊर्जा मावते. सगळे धागे लांबीच्या दिशेने असलेल्या ग्लास-इपॉक्सीचा गुणांक सुमारे 42 गिगापास्कल आणि घनता पोलादाच्या चौथ्या हिश्श्याएवढी. तिथे बेताने 500 मेगापास्कलच धरले तरी आकडा किलोमागे 1,500 ज्यूलच्या जवळपास जातो. फरक सातपटींचा आहे. प्रत्यक्षात टोकांच्या पोलादी जोडण्या यातला काही भाग खातात.

1981 च्या शेव्रोले कॉर्व्हेटमध्ये मागचा आडवा पोलादी पाटा सुमारे 18.6 किलोचा होता. त्याच्या जागी आलेला फायबरचा पाटा 3.6 किलोचा.

जाडीचाही हिशोब पाहा. 8 मिमीच्या पाच पोलादी पाट्यांचा जुडगा (एकावर एक रचलेला संच) 40 मिमी उंच होतो. तेवढ्याच रुंदीचा आणि ताठपणाचा फायबरचा एकसंध पाटा मध्यभागी साधारण 23 मिमीत बसतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो आणि सुटे पाटे एकमेकांवर घसरत असल्याने तो फायदा गमावतात.

प्रश्न : मालवाहू गाडीच्या मागच्या एक्सलला पोलादी पाट्यांऐवजी फायबरचा पाटा बसवायचा आहे. बसवताना काय सांभाळावं?

उत्तर : लहान मालवाहू गाड्यांमध्ये अशा पाट्यांचा मोठा लाभ आहे, आणि निकामी होणारे बरेचसे पाटे बसवतानाच बिघडलेले असतात. पोलाद सगळ्या दिशांनी सारखं बळकट असतं. फायबरचा पाटा लांबीच्या दिशेने हजार मेगापास्कलच्या आसपास ताण सोसतो, पण जाडीच्या दिशेने थर उकलायला फार कमी जोर पुरतो. थरांमधली कातर, म्हणजे थर एकमेकांवरून सरकवणारा जोर, सोसण्याची ताकद 60 ते 80 मेगापास्कलच्या घरात असते. खालच्या सगळ्या सूचना यातून येतात.

मध्यभागी छिद्र पाडू नका. पोलादी पाट्यातून जुडगा जागेवर धरणारा सेंटर बोल्ट आरपार जातो. इथे छिद्र म्हणजे तोडलेले धागे, आणि तेही वाकवणारा जोर सर्वांत जास्त असतो त्या जागी. जागा पक्की करायला उत्पादक वर-खाली साच्यातल्या गाद्या देतो, त्यांच्या उंचवट्यांवर पाटा बसतो. गाद्या रबराच्या किंवा पॉलियुरेथेनच्या असाव्यात आणि पाटा दाबून धरणाऱ्या प्लेटच्या कडा गोलसर घासलेल्या. धारदार कडेखाली पाटा दर हेलकाव्याला चावला जातो आणि चीर तिथूनच सुरू होते.

पाटा एक्सलला आवळणारे जुने यू-बोल्ट चालणार नाहीत. जुडग्यापेक्षा पाटा 17 मिमी पातळ असेल, तर तेवढ्या जाडीची चकती लागते किंवा आखूड बोल्ट. गाडीची उंचीही त्याच हिशोबाने तपासा. नवे बोल्ट आणि नवे नट घ्या, गाडीचं वजन चाकांवर घेऊन चारही नट कर्णाच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. टॉर्क रेंच (नट किती जोराने आवळला ते दाखवणारा पाना) वापरायचाच, आणि आकडा फायबर पाट्याच्या उत्पादकाचा. पोलादी पाट्याचा आकडा इथे लावला तर इपॉक्सी चिरडते, आणि ते बाहेरून दिसत नाही. सैल राहिला तर पाटा गादीत सरकून घासतो. गाद्या दबून बसतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासा.

टोकांचे पोलादी डोळे, म्हणजे पाटा गाडीला जोडणाऱ्या कड्या, चिकटवलेले किंवा बोल्टने जोडलेले असतात. शॅकलचा (टोकाला गाडीशी जोडणाऱ्या हलत्या दुव्याचा) बुश, म्हणजे आतलं अस्तर, जाम असेल तर पाट्याचं टोक पिळलं जातं. जुने बुश बदलूनच पुढे जा.

यानंतर शॉक अॅब्सॉर्बर, म्हणजे स्प्रिंगची उसळी शमवणारा भाग. जुडग्यातले पाटे एकमेकांवर घासून बरीच हालचाल स्वतःच शमवतात. एकसंध पाट्यात ते घर्षण नाही, त्यामुळे आधी चालून गेलेले थकलेले शॉक आता उघडे पडतात आणि गाडी उसळत राहते. दोष पाट्याला दिला जातो.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हा पाटा बाजूच्या जोराला आणि पिळाला पोलादी जुडग्यापेक्षा कित्येक पटींनी मऊ असतो. वळणावर एक्सल बाजूला सरकू लागला, तर त्याला आडवा रॉड देऊन आवरावं लागतं. गाडीच्या उत्पादकाने किंवा पाट्याच्या उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेला संचच घ्या, नुसती लांबी-रुंदी जुळली म्हणून नको.

प्रश्न : पाटे झाले, पण गोल कॉइल स्प्रिंग फायबरच्या का दिसत नाहीत?

उत्तर : पाटा वाकतो, कॉइलची तार पिळली जाते. तारेच्या लांबीने ठेवलेले धागे पिळाला उपयोगी पडत नाहीत. म्हणून गाभ्याभोवती आलटून-पालटून अधिक 45 आणि उणे 45 अंशांत धागे गुंडाळतात. एक थर ताणला जातो, दुसरा दाबला जातो. तरीही पिळाला मिळणारा ताठपणा पोलादाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याचा. तार सुमारे 1.6 पट जाड करावी लागते, म्हणजे 12 मिमीच्या जागी 19. बचत एक-तृतीयांशाच्या आसपास उरते आणि स्प्रिंगला जागा जास्त लागते. आउडीने 2014 साली इटलीच्या सोगेफी या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीबरोबर केलेल्या अशा स्प्रिंगचं वजन सुमारे 1.6 किलो सांगितलं होतं, पोलादीचं जवळपास 2.7.

प्रश्न : हा पाटा अचानक तुटतो का? तपासणी कशी करायची?

उत्तर : चांगल्या पाट्यात बिघाड टप्प्याटप्प्याने येतो : कडेला लांबीने चिरा, मग थर सुटणं, मग ताठपणा उतरून एक बाजू खाली बसणं. बसवल्याच्या दिवशी दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. दर सर्व्हिसला त्याच भाराखाली ते पुन्हा मोजा.

पाटा धुऊन टॉर्चच्या उजेडात दोन्ही कडा पाहा. जाडीच्या मधोमध आडवी रेघ दिसली तर थर सुटतो आहे; थरांमधली कातर तिथेच सर्वाधिक असते. नाण्याने ठोकत जा, सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. खालचा पृष्ठभाग विशेष बारकाईने तपासा. भाराखाली वरची बाजू ताणली जाते आणि खालची दाबली जाते. हे साहित्य दाबाला कमी टिकतं, आणि दगडही खालूनच लागतात. रुंदीच्या दिशेने जाणारी चीर किंवा सुरकुती दिसली तर गाडी चालवू नका.

गंज लागत नाही हे खरं, पण ताणाखालच्या साध्या काचेच्या धाग्यांना आम्ल खातं. गाडीच्या बॅटरीतलं आम्ल सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. सायलेन्सर जवळून जात असेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा हवा. जवळ वेल्डिंग करायचं असेल तर पाटा उतरवा. पाट्याखाली जॅक लावू नये, मालाची साखळीही त्याला बांधू नये.

प्रश्न : जास्त मालासाठी खाली एक पोलादी पाटा जोडता येईल का? आणि बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान देता येते का?

उत्तर : दोन्हीला नाही. पोलादी पाट्याचं टोक फायबरला घासून धागे कापतं. कमानीचं म्हणाल तर पोलाद जास्त भाराने कायमचं बसतं, म्हणून त्याला पुन्हा वाकवता येतं. फायबरचा पाटा भार काढला की जागेवर येतो, त्यामुळे जादा भाराने झालेली इजा लपून राहते. तो खरोखर बसला असेल तर आतले थर सुटले आहेत. तापवल्याने इपॉक्सी मऊ पडून उरलेली ताकदही जाते आणि वरून राळ फासल्याने तुटलेले धागे जुळत नाहीत. असा पाटा बदलायचा, आणि दुसऱ्या बाजूचाही त्याच वेळी.