आधी दृश्य, मग मत

प्रिय बेटा,

तुझे पत्र आणि त्यासोबतचा प्रेक्षकांच्या अभिप्रायांचा गठ्ठा मिळाला. धुळ्यात तुमच्या चित्रपट मंडळाने 'द डेस्परेट अवर्स' दाखवला हे वाचून बरे वाटले. दिग्दर्शक विल्यम वायलरचे नाव निघाले की लोकांना १९५३चा 'रोमन हॉलिडे' आठवतो, १९५९चा 'बेन-हर' आठवतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये १९५५ साली आलेला, तुरुंगातून पळालेले तिघे एका कुटुंबाला त्याच्याच घरात ओलीस धरतात ती गोष्ट सांगणारा हा कृष्णधवल चित्रपट सहसा कुणाच्याच तोंडी येत नाही. तुला तो आवडला, पण गठ्ठ्यातील बहुतेकांनी त्याला संथ, जुनाट, नाटकी ठरवले, आणि आता अहवालात कुणाचे मत खरे धरावे आणि स्वतःचे मत लिहावे की गिळावे, हे तुला उमगत नाही. तीन पानांत तू हा एकच प्रश्न चार वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहेस. त्या तीन पानांत चित्रपटातले एकही दृश्य नाही, हे मात्र तुझ्या ध्यानात आलेले दिसत नाही.

मी मंडळात तुम्हा मुलांना जे सांगत आलो, तेच पुन्हा सांगतो: आधी दृश्य, मग मत. ज्या मताला बोट ठेवायला दृश्य नाही, ते मत खरे की खोटे हे ठरवण्याच्या फंदात पडूच नये. रावेरकडे केळीचा घड न पाहता बांधावरूनच भाव बोलणाऱ्या व्यापाऱ्याशी कुणी वाद घालत नाही. त्याला आधी बागेत चल म्हणतात. तुझ्या गठ्ठ्यातील निम्म्याहून अधिक मंडळी बांधावर उभी आहेत, आणि तू त्यांच्या भावांची सरासरी काढायला निघाली आहेस.

'बोगार्ट फार म्हातारा दिसतो' हा शेरा अनेकांनी मारला आहे. तो चुकीचा नाही. जोसेफ हेजच्या या कथेचे नाटक न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले, तेव्हा तुरुंगातून पळालेल्या ग्लेन ग्रिफिनची भूमिका पॉल न्यूमनने केली होती आणि तो तेव्हा तिशीचा होता. चित्रपटात ती भूमिका पंचावन्न वर्षांच्या हम्फ्री बोगार्टकडे आली. मग म्हातारा दिसतो, एवढे लिहून हात झटकायचे? वय वाढल्याने काय बदलले ते पाहायला नको? तरुण ग्लेन आणि त्याचा भाऊ हाल हे दोघे बरोबरीचे वाटले असते. इथे ग्लेन जवळजवळ बापाच्या वयाचा आहे, आणि म्हणूनच हाल जेव्हा त्या घराकडे, त्या घरातल्या माणसांच्या वागण्याकडे पाहून थोरल्याला सोडून जायला निघतो, तेव्हा ग्लेनच्या हातून फक्त एक साथीदार सुटत नाही. शिवाय १९३६ साली 'द पेट्रिफाइड फॉरेस्ट'मध्ये याच बोगार्टने वाळवंटातल्या एका खाणावळीत माणसे ओलीस धरली होती आणि त्या भूमिकेने त्याचे नाव झाले होते. जवळपास वीस वर्षांनी तोच माणूस पुन्हा परक्या घरात पिस्तूल घेऊन बसतो, आणि पुढे जानेवारी १९५७मध्ये तो वारला. म्हातारपण त्या चेहऱ्यावर आहेच. ते कोणत्या क्षणी दिसते तेवढे लिही, म्हणजे त्या शेऱ्याला किंमत येईल.

दुसरा आवडता शेरा: 'बाप भित्रा आहे.' हा वाचून मी खरोखर चिडलो. तीन पळपुटे घरात घुसल्यावर डॅन हिलियार्ड काय करतो ते आठव. तो त्यांच्या हुकमावरून कामाला जातो. त्याची तरुण मुलगीही बाहेर जाते. दोघेही रस्त्यावर असतात, माणसांत असतात, पोलिसांपर्यंत पोहोचू शकतात, आणि दोघेही आपल्या पायांनी त्या घरात परत येतात, कारण मागे आई आणि धाकटा मुलगा आहे. ओलीसपटांत बहुधा दाराला कुलूप असते. इथे दार उघडे आहे आणि तरी कुणी सुटत नाही. हे ज्याने पाहिले त्याला 'भित्रा' हा शब्द सुचणे कठीण आहे. तो माणूस सकाळी मुलाचा पापा घ्यायला वाकतो आणि मी आता मोठा झालो म्हणून मुलगा हात पुढे करतो, हे सुरुवातीचे साधे दृश्य तू विसरली नसशील. शेवटी त्याच मुलाच्या डोक्याला पिस्तूल लावलेले असताना बाप त्याला धावत माझ्याकडे ये म्हणतो. पिस्तूल रिकामे आहे हे बापाला ठाऊक आहे, मुलाला नाही. तेव्हा मुलाने बापाच्या शब्दावर पाऊल उचलायचे आहे. संपूर्ण चित्रपट या एका पावलासाठी रचलेला आहे, असे माझे मत आहे. पाहा, आधी दृश्य सांगितले, मग मत.

'नाटकासारखा आहे, सगळे एकाच घरात घडते.' अर्थातच, मूळ नाटकच आहे. त्याआधी १९५४ची कादंबरी, आणि पटकथाही हेजचीच. परंतु नाटकात प्रेक्षक आपल्या खुर्चीतून हलत नाही. वायलर त्याला जिन्याच्या पायथ्याशी नेतो, खालून वर पाहायला लावतो, एक चेहरा अगदी जवळ आणि दुसरा पाठीमागे दूर दाराशी असे दोन्ही स्पष्ट ठेवतो, म्हणजे बोलणाऱ्याकडे पाहायचे की ऐकणाऱ्याकडे हे आपल्यालाच ठरवावे लागते. जिना हे तर या माणसाचे जुने वेड; 'द लिटल फॉक्सेस' आणि 'द एअरेस' मिळाले तर पाहा. एकाच घरात पाहण्यासारखे काय असणार, असे ज्यांना वाटते, त्यांना चाळीसगावला पाठव. केकी मूस यांनी अनेक दशके तिथल्या आपल्या बंगल्याबाहेर जवळजवळ पाऊल न टाकता, टेबलावर वस्तू मांडून त्यांची छायाचित्रे काढली. त्या घरात जाऊन आलेला माणूस 'एकाच घरात' हे शब्द तक्रारीच्या सुरात लिहिणार नाही.

एका गृहस्थांनी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले आहे की हा चित्रपट आपल्या 'छत्तीस घंटे'ची नक्कल आहे. त्यांना हसू नकोस. 'छत्तीस घंटे' १९७४चा, म्हणजे नक्कल असेल तर ती उलट्या दिशेने आहे, एवढेच टाचणात लिही. पण त्यांनी जे पाहिले ते विचार. तिथे घरमालक वृत्तपत्राचा संपादक आहे आणि तो राजकुमार आहे. घरात घुसणाऱ्यांत सुनील दत्त, रणजीत आणि डॅनी आहेत. राजकुमार पडद्यावर आला की आपल्याकडचा प्रेक्षक त्याच्या तोंडून एक संवादफेक ऐकायला टपून बसलेला असतो, आणि इथे त्याला आपल्याच दिवाणखान्यात शब्द गिळून बसावे लागते. सुनील दत्तला तर निव्वळ खलनायक मानायला कुणाचे मन तयार होत नाही. फ्रेडरिक मार्चचा डॅन हिलियार्ड मात्र अमेरिकन प्रेक्षकाला कोणत्याही गल्लीतला शेजारी वाटावा असा आहे. नट बदलल्याने भीती कुठे सरकते, यावर त्या गृहस्थांशी अर्धा तास बोललीस, तर तुझ्या अहवालातले सर्वांत वाचनीय पान त्यांच्याकडून मिळेल.

आता त्या कागदाविषयी, ज्याने मला रात्री झोपू दिले नाही. 'खरी घटना असल्यामुळे अधिक भिडला.' तू त्याखाली लाल रेघ ओढली आहेस, म्हणजे तुलाही ते पटलेले दिसते. १९५२ साली पेनसिल्व्हेनियातल्या व्हाइटमार्श येथे हिल नावाच्या कुटुंबाला तीन पळालेल्या कैद्यांनी घरात एकोणीस तास अडकवून ठेवले होते, हे खरे. पण त्यांनी कुणालाही मारहाण केली नाही, आणि ते निघून गेल्यावर जेम्स हिल यांनी पत्रकारांना हे आवर्जून सांगितले होते. कुटुंबाला प्रसिद्धी नकोच होती; ते लोक ते राज्यच सोडून गेले. कादंबरीत आणि नाटकात मारहाण आली, मुलीचा अपमान आला, तो लेखकाचा अधिकार. मात्र १९५५मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने नाटकातल्या नटांना हिल कुटुंबाच्या त्याच जुन्या घरी नेऊन प्रसंगांची छायाचित्रे काढली आणि जणू ते सारे त्या कुटुंबावर गुदरले होते असे छापले. हिल यांनी दावा लावला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू रिचर्ड निक्सन यांनी मांडली, पुढे अध्यक्ष झालेले तेच. जानेवारी १९६७मध्ये निकाल हिल यांच्या विरोधात गेला: मजकूर जाणूनबुजून खोटा छापला, किंवा खऱ्याखोट्याची पर्वाच केली नाही, हे सिद्ध झाल्यावाचून भरपाई मिळणार नाही.

हे सारे मी तुला माहितीचा भारा म्हणून सांगत नाही. न पाहिलेल्या गोष्टीविषयी ठाम बोलण्याची किंमत त्या कुटुंबाने मोजली. तुमच्या सभागृहातल्या प्रेक्षकाने 'खरी घटना' म्हटले ते कुणीतरी त्याला सांगितले म्हणून. पडद्यावर त्याने डॅन हिलियार्ड पाहिला, जेम्स हिल नव्हे. ती लाल रेघ खोडून टाक.

तू म्हणशील, सर नेहमीप्रमाणे एकाच मुद्द्यावर अडून बसले. होय, बसलो आहे. मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात चित्रपटांवर लिहीत असे, हे तुला ठाऊक आहे. त्या दैनिकाचे नाव इथे लिहीत नाही. प्रत्येक लेखाखाली तारे द्या, वाचकाला वेळ नसतो, असे मला सांगण्यात आले. मी म्हटले, तारे देतो, पण प्रत्येक ताऱ्यासमोर एक दृश्य छापा. त्यांना ते विनोदी वाटले आणि सदर बंद झाले. लोक अजूनही म्हणतात की थोडे वाकायला हवे होते. कशासाठी? साडेतीन तारे मिळालेल्या चित्रपटात काय होते, हे त्या साडेतीन ताऱ्यांवरून आज कुणाला सांगता येईल? मला खंत आहे ती निराळी. यात्रेतल्या तंबूत, पडद्याच्या अगदी पुढ्यात मातीवर बसून सिनेमा पाहणारी माणसे जे मोठ्याने बोलत, नटाला सावध करत, बाईला शिव्या घालत, ते कुणी टिपून ठेवले नाही. ते तंबू गेले आणि आता प्रेक्षकांची मते म्हणजे 'छान', 'बोअर', 'ठीक' असे कागद उरले आहेत. म्हणून तुझा गठ्ठा पाहून मला राग येतो आणि लोभही सुटतो.

लोभ सुटण्याचे कारण त्या गठ्ठ्यातच आहे आणि ते तू अगदी तळाशी टाकले आहेस. शेवटच्या रांगेतल्या एका आजीबाईंना लिहिता येत नव्हते, म्हणून त्या बोलल्या ते तू कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात उतरवलेस: 'काबर टाकी व माय त्या पोऱ्यानी सायकल बाहेर?' आणि पुढे कंसात स्वतः लिहिलेस, 'विषयाशी संबंध नाही.' अगं, विषय तोच आहे! हिरवळीवर पडलेली मुलाची सायकल पाहूनच तर ग्लेन ते घर निवडतो. ज्या घरात लेकरे आहेत, तिथला बाप धाडस करणार नाही, हा त्याचा हिशेब. आजीबाईंना इंग्रजीचे अक्षर कळले नाही, बोगार्टचे वय त्यांना ठाऊक नाही, वायलर तर नाहीच. त्यांनी सायकल पाहिली, ती कुणी टाकली ते पाहिले, आणि पुढच्या साऱ्या संकटाचा धागा तिथे नेऊन जोडला. 'पटकथा घट्ट आहे' असे शहाण्या अक्षरात लिहिणाऱ्या तुमच्या प्राध्यापकांना घट्टपणा नेमका कुठे आहे, ते एका वाक्यातही सांगता आलेले नाही.

अहवाल या आजीबाईंपासून सुरू कर. त्यांचे वाक्य अहिराणीतच ठेव. प्रमाण मराठीत आणून त्याला इस्त्री करू नकोस. ज्यांच्या शेऱ्याला दृश्य नाही, त्यांच्या घरी जा किंवा त्यांना फोन कर आणि 'कुठे वाटले?' एवढेच विचार. तू स्वभावाने बुजरी आहेस हे मला माहीत आहे, पण प्रश्न दोन शब्दांचा आहे. ज्यांना आठवणार नाही त्यांचे कागद बाजूला काढ, कितीही मोठ्या माणसाचे असले तरी. तुझे स्वतःचे मत घालायचे की नाही, याचा निर्णय आज घेऊ नकोस. शेवटचा प्रसंग पुन्हा लाव आणि मुलगा पाऊल उचलतो तेव्हा त्याची नजर कुठे आहे, बापाकडे की पिस्तुलाकडे, ते नीट पाहून मला चार ओळी लिहून पाठव. मंडळाच्या चिटणिसांकडून आठ दिवसांची मुदत वाढवून घे. माझे नाव सांगितलेस तर कुरकुर करतील, पण देतील.

तुझा,
सर