जुनी गॅरंड अडकते, काय बदलू?

प्रश्न: मी ओहायोत असतो, मागच्या वर्षी लष्करी सरप्लसमधली एम-१ गॅरंड (अमेरिकन सैन्याची जुनी रायफल) घेतली. दोन-तीन गोळ्या नीट जातात मग बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा सरकता भाग) पूर्ण मागेच येत नाही, रिकामी पुंगळी अडकते. आतेभाऊ म्हणतो गॅस सिलिंडर (नळीच्या टोकाखालचा भाग, गोळीमागचा गॅस यात येऊन रॉडला मागे ढकलतो) गेला. खरंय का?

उत्तर: असेलही, पण लगेच खिशात हात घालू नका. आधी रायफल रिकामी आहे ना ते बोटाने चाचपून बघा, मग नळीच्या टोकाचा लॉक स्क्रू, तो सैल असला की गॅस तिथूनच पळतो. ऑपरेटिंग रॉडची (गॅसच्या धक्क्याने बोल्ट मागे नेणारा दांडा) स्प्रिंग स्वस्त असते, तीही बदलून बघा. तरी रडगाणं चालूच तर मायक्रोमीटर काढा: ऑपरेटिंग रॉडचं पिस्टनचं टोक नवीन असताना ०.५२६ इंच असतं, ०.५२५ च्या खाली गेलं की बाद, आणि सिलिंडर आतून ०.५३२ पेक्षा मोठा झाला असेल तर तोही गेला. काहीजण आतून पॉलिश पेपर घासतात, अहो त्याने फट वाढते की! आत तेलही नको, कोरडंच ठेवा. रॉड टाकून द्यायची घाई नको, जाणकार गनस्मिथ नवीन टोक वेल्ड करून देतो. आणि शिकारीची जोरकस काडतुसं त्यात घालू नका, रॉड वाकतो.