जुना डेस्कटॉप पुरेल, आधी लाइनचा पत्ता बघा

चवथीच्या नाटकाची तालीम, दहा माणसं, त्यातली दोन पुण्यात, एक लंडनला. घरच्या जुन्या डेस्कटॉपवर मंबलचा (इंटरनेटवरून एकमेकांशी बोलायच्या प्रोग्रॅमचा) सर्व्हर चालेल की नवं मशीन घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. नवं घेऊ नका. हा सर्व्हर आवाज मिसळत बसत नाही, आलेली पाकिटं फक्त पुढे धाडतो. जुना ड्युअल कोअर आणि २ जीबी रॅम भरपूर झाली. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), मंबल-सर्व्हर पॅकेज, सुपरयूजरचा म्हणजे मुख्य चालकाचा पासवर्ड आणि जोडणीचा वेगळा पासवर्ड, एवढं तुम्हाला जमेल.

खरी गोम लाइनमध्ये असते आणि लोक दोष मशीनला देतात. फोंड्याकडच्या एका मंडळीचा सर्व्हर लावताना हेच झालं. राउटरवर मंबलचा ६४७३८ पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) टीसीपी आणि यूडीपी या माहिती धाडायच्या दोन्ही पद्धतींसाठी सर्व्हरकडे वळवलेला, घरातले सगळे जोडले जात होते, बाहेरचा एकही नाही. फायबरवाला ऐकेनाच: “पोर्ट ओपन आसा, तुमच्या कंप्युटरांत प्रॉब्लेम आसा.” राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.७२ ने सुरू होत होता, आणि पत्ता दाखवणाऱ्या साइटवर भलताच आकडा. १००.६४ ते १००.१२७ ही मालिका सीजीनॅटची. कंपनी अनेक गिऱ्हाइकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटते, त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी कंपनीकडेच अडते, तुमच्या राउटरला तिचा पत्ताही लागत नाही. अशा वेळी ‘संगणक डीएमझेडमध्ये टाका’ (म्हणजे बाहेरून येणारं सगळं त्याच्याकडेच वळवा) हा सल्ला निव्वळ चुकीचा. त्याने सीजीनॅट हटत नाही. पुढे कधी सार्वजनिक पत्ता मिळाला तर मात्र मशीनचे सगळे पोर्ट उघड्यावर पडतात.

तुमच्याकडेही राउटरवरचा आणि साइटवरचा पत्ता जुळत नसतील तर कंपनीकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा, महिन्याचे थोडे पैसे जातील. नाहीतर सगळ्यांच्या मशीनवर टेलस्केल टाका, ते सगळ्या मशीनचं एक खाजगी जाळं बनवतं. तेही १०० नेच सुरू होणारे पत्ते देतं, गोंधळू नका. जुळत असतील तर राउटरच्या डीएचसीपीत (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या भागात) संगणकाचा पत्ता राखून ठेवा, स्लीप बंद करा आणि चाचणी मोबाइल डेटावरून घ्या. घरच्याच वायफायवरून सार्वजनिक पत्ता लावला तर अनेक राउटर तो परत आत वळवत नाहीत.

फक्त टीसीपी उघडलं तरी मंबल चालतं, आवाज मात्र अडखळतो. म्हणून क्लायंटमधल्या सर्व्हरच्या माहितीत यूडीपी दिसतंय ना, ते बघा. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये बँडविड्थ (एकाच्या आवाजाची कमाल, बिट प्रति सेकंद) ७२००० ठेवली तर एक जण बोलताना बाकी नऊ जणांना मिळून सुमारे ६५० केबीपीएस अपलोड लागतो, चौघे एकदम बोलले तर २.६ एमबीपीएस.

पावसात वीज जाणारच. ओएनटी (फायबरचा डबा), राउटर, संगणक तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या आणि त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर वीज पलटताना राउटर पुन्हा सुरू होतो आणि सगळे बाहेर फेकले जातात. बायोसमध्ये ‘वीज आल्यावर सुरू हो’ हा पर्याय लावा. इयरफोन सक्तीचे, एकाच्या स्पीकरमुळे सगळ्यांना प्रतिध्वनी ऐकू येतो.

एक राहिलं: हे सगळं गद्य प्रवेशांपुरतं. आवाज पोचायला ३० मिलिसेकंदांच्या आसपास उशीर झाला तरी ताल ढळू लागतो, आणि लंडनचा आवाज यायला १०० च्या वर सहज जातात. शिवाय नॉइज सप्रेशन पेटीचे लांब सूर गोंगाट समजून कापतं. नांदी आणि पदं तबल्यासमोर बसूनच बसवा, लंडनवाल्याला रेकॉर्डिंग पाठवा.