मताआधी बदलतो तो मताचा अंदाज

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

माध्यमं लोकांची मतं खरंच बदलतात, की लोक आधीपासून जे मानतात तेच शोधून वाचतात, असं तू विचारलं आहेस. पुढची काही वर्षं या विषयात घालवायची असतील तर हा प्रश्न आत्ताच नीट मांडून घे. मांडणीच चुकली की यावरचे वाद वर्षानुवर्षं जागच्या जागी फिरत राहतात.

माणसाचं पक्कं मत एखाद्या बातमीनं किंवा व्हिडिओनं क्वचितच उलटतं. १९४० साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ईरी काउंटीत समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडणूक होईपर्यंत त्याच त्या मतदारांना पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. बाजू बदललेले लोक फार थोडे निघाले. बहुतेकांचं आधीचंच मत प्रचारानं आणखी घट्ट झालं होतं. आणि कुंपणावरच्या लोकांवर रेडिओपेक्षा ओळखीतल्या, जास्त वाचणाऱ्या-ऐकणाऱ्या माणसांच्या शब्दाचा परिणाम अधिक दिसला.

मग माध्यमांची ताकद आहे कुठे? पहिली, कोणत्या प्रश्नाचा विचार करायचा हे ठरवण्यात. १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अभ्यासकांनी तिथल्या चॅपल हिल गावातल्या, मत न ठरलेल्या १०० मतदारांना सगळ्यांत महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारलं. मतदारांच्या यादीतला क्रम आणि त्या काळात बातम्यांनी त्या प्रश्नांना दिलेल्या जागेचा क्रम जवळजवळ सारखाच निघाला. दुसरी ताकद त्याहून खोल आहे. बाकीचे लोक काय मानतात याचा आपला अंदाज माध्यमं घडवतात. जर्मन संशोधक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये मांडलं की आपण अल्पमतात आहोत असं वाटलं की माणूस बोलायचं टाळतो, तो गप्प बसल्यामुळे त्याच्या बाजूचे इतरही स्वतःला एकटे समजतात आणि तेही गप्प होतात. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम मूळ मांडणीइतका मोठा दिसला नाही, पण दिसला. कुणाचंही मत न बदलता चर्चेचा रंग बदलतो, आणि पुढचे निर्णय त्या रंगाकडे बघून घेतले जातात. तुझा अभ्यास या दुसऱ्या ताकदीभोवती उभा कर, असं मी आग्रहानं सांगेन.

तिचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा फेसबुकवरच्या एका प्रयोगात आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेतल्या मतदानाच्या दिवशी सुमारे ६ कोटी १० लाख वापरकर्त्यांना मतदानाचं आवाहन दाखवलं गेलं. बहुतेकांच्या आवाहनाबरोबर 'मी मत दिलं' असं नोंदवलेल्या त्यांच्या मित्रांचे चेहरे होते, एका लहान गटाला नुसतंच आवाहन दिसलं. नुसत्या आवाहनानं मतदानात फरक पडला नाही. चेहऱ्यांच्या आवाहनानं पडला, आणि आवाहन पाहणाऱ्यांच्या जवळच्या मित्रांपर्यंत पोचलेला परिणाम धरून सुमारे ३ लाख ४० हजार जास्तीची मतं पडली असा संशोधकांचा हिशेब आहे. माहिती दोन्हीकडे तीच होती. बदललं होतं ते 'आपली माणसं काय करताहेत' हे दिसणं.

आता दिसतं ते किती लोकांचं असतं, हे मोज. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेनं २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ट्विटर वापरणाऱ्या प्रौढांचा अभ्यास केला. ८० टक्के ट्वीट १० टक्के लोकांकडून येत होती, आणि मुळात ट्विटर वापरणारे प्रौढ होते सुमारे २२ टक्के. गुणाकार कर. १०० प्रौढांमधली साधारण २ माणसं ८० टक्के आवाज करत होती. 'समाजमाध्यमांवर संतापाची लाट' अशी बातमी वाचलीस की आधी तीत किती पोस्ट उद्धृत केल्या आहेत ते मोज. बरेचदा तीन-चारच असतात, आणि ती लाट बातमीनंतर खरी होते, कारण वाचणारा तिला सगळ्यांचं मत समजून वागू लागतो.

कुठली गोष्ट पुढे ढकलली जाते यामागे पैशाचा हिशेब असतो आणि तो जुना आहे. १८३३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'सन' हे वृत्तपत्र एका सेंटला निघालं, तेव्हा इतर पत्रं सहा सेंटला मिळत. तोटा जाहिरातींतून भरून निघायचा, म्हणजे विकला जाणारा माल बातमी राहिली नाही, वाचकाचं लक्ष झालं. १८३५ मध्ये याच पत्रानं चंद्रावर पंखवाली माणसं दिसल्याची लेखमाला छापली आणि ती तडाखेबंद खपली. आजची फीड याच हिशेबावर चालते, फक्त क्रम संपादकाऐवजी यंत्रानं प्रत्येक पोस्टला दिलेलं गुणांकन लावतं. २०१७ पासून काही काळ फेसबुकच्या क्रमवारीत साध्या लाइकला जितकं वजन होतं त्याच्या पाचपट वजन रागाच्या चेहऱ्यासह इतर भावदर्शक खुणांना होतं. २०२० मध्ये रागाच्या खुणेचं वजन शून्यावर आणलं गेलं. एका आकड्याची ही गोष्ट, पण मधल्या काळात कोट्यवधी लोकांना कुठली पोस्ट आधी दिसावी हे तो ठरवत होता. कुठल्याही माध्यमाचा अभ्यास करताना तीन गोष्टी आधी लिहून काढ: पैसे कोण देतं, क्रम कशावरून लागतो, आणि पुढे पाठवायला किती कष्ट पडतात.

या तिसऱ्या मुद्द्याकडे लोक फार कमी लक्ष देतात. व्हॉट्सॲपच्या गटाची मर्यादा २५६ होती तेव्हा एक माणूस पाच गटांत संदेश टाकून एका क्षणात १,२७५ जणांपर्यंत पोचू शकत होता. जानेवारी २०१९ मध्ये एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, आधीच पाच किंवा जास्त टप्पे ओलांडून आलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं गेलं. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं जाहीर केलं. कुणाला उपदेश केला नाही, मजकूर तपासला नाही, फक्त एक-दोन जास्तीचे स्पर्श करायला लावले. संदेशावरचे दोन बाण म्हणजे तो बराच फिरून आलाय. पण बाण नाहीत म्हणून तो पाठवणाऱ्यानंच लिहिला असं समजू नकोस, कारण मजकूर कॉपी करून चिकटवला की खूण नाहीशी होते.

अफवा खऱ्या बातमीपेक्षा वेगानं पळते, हे वाक्य तुला सगळीकडे भेटेल. त्यामागचा अभ्यास २०१८ चा आहे: ट्विटरवर २००६ ते २०१७ मध्ये पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार कथा. खोट्या गोष्टी पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता ७० टक्क्यांनी जास्त निघाली. यंत्रचलित खाती मोजणीतून वगळली तरी निष्कर्ष तोच राहिला, म्हणजे हे काम माणसांचंच होतं. मात्र यात फक्त तथ्यतपासणी संस्थांनी तपासलेल्याच कथा होत्या. सगळ्या बातम्यांना हा आकडा लावणं चूक आहे, आणि जाणकार म्हणवणारेही ती चूक करतात.

माध्यमांची ताकद फुगवून सांगणाऱ्यांपासूनही जप. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री अमेरिकेत मंगळवासीयांच्या हल्ल्याचं रेडिओ नाटक ऐकून देशभर घबराट पसरली, असं आजही शिकवलं जातं. त्याच रात्री ५,००० घरांत फोन करून केलेल्या पाहणीत ते नाटक ऐकणारे होते फक्त २ टक्के. देशभरच्या घबराटीचं चित्र रंगवलं ते वृत्तपत्रांनी, आणि जाहिरातींसाठी रेडिओ त्यांचा स्पर्धक होता.

आता सर्वेक्षणांकडे ये, इथे मला जरा थांबायचं आहे. लोकमताचा अंदाज आकड्यांत मांडला की तो वजनदार होतो, म्हणून आकडा वाचता आलाच पाहिजे. चुकीची सीमा, म्हणजे आकडा खऱ्यापासून किती इकडे-तिकडे असू शकतो ते, तोंडी काढायची युक्ती सोपी आहे: १ भागिले नमुन्याचं वर्गमूळ. ४०० लोकांना विचारलं तर साधारण ५ टक्के इकडे-तिकडे, १,००० ला सुमारे ३, २,५०० ला २. सीमा निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. दोन पक्षांमधला फरक वाचताना ही सीमा जवळपास दुप्पट धर. १,००० लोकांत ४४ विरुद्ध ४१ असेल, तर कोण पुढे हे सांगता येत नाही, मथळा काहीही म्हणो. आणि त्याच सर्वेक्षणातून 'तरुण काय म्हणतात' असं वेगळं काढलं असेल तर त्यात किती तरुण होते ते शोध. १५० असतील तर सीमा ८ टक्क्यांवर जाते. सर्वांत जास्त फसवणारे मथळे अशा पोटगटांतूनच निघतात.

शिवाय ही सीमा फक्त यदृच्छेची, म्हणजे नमुन्यात योगायोगानं कोण आलं त्यातून होणारी, चूक सांगते. नमुनाच वाकडा असेल तर ती तुला वाचवत नाही. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या अमेरिकी साप्ताहिकानं सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या, २३ लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यांनी लँडन यांचा विजय जाहीर केला. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते, आणि त्यातही परत पाठवण्याची तसदी घेणारे वेगळ्या मनःस्थितीचे होते. सर्वेक्षणं करणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजार लोकांवरून विजेता बरोबर सांगितला. आजची 'इथे क्लिक करून मत द्या' पद्धतीची चाचणी त्या साप्ताहिकाचीच चूक करते, मग त्यात कितीही लाख मतं असोत.

प्रश्नाचे शब्दही तेवढेच महत्त्वाचे. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात ६०० जणांचा जीव घेऊ शकणाऱ्या साथीवर दोन उपाय होते. 'खात्रीनं २०० वाचतील' असं म्हटल्यावर ७२ टक्क्यांनी तो उपाय निवडला. दुसऱ्या गटाला तोच उपाय '४०० मरतील' अशा शब्दांत सांगितला, तेव्हा २२ टक्क्यांनी. म्हणून प्रश्नाचा मूळ मजकूर, विचारण्याच्या तारखा, संपर्काची पद्धत आणि पैसे कुणी दिले, या चार गोष्टी मिळाल्याशिवाय कुठलंही सर्वेक्षण उद्धृत करू नकोस.

मजकुराची शहानिशा करताना पानावर रेंगाळू नकोस. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी १० इतिहासतज्ज्ञ, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. विद्यार्थी आणि इतिहासतज्ज्ञ पान वरून खाली वाचत बसले आणि देखणी मांडणी, चिन्हं, नावं यांना भुलले. तथ्यतपासनीस लगेच बाहेर पडले, नव्या टॅबमध्ये 'या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात' ते शोधून मग परत आले. तूही तेच कर. छायाचित्र असेल तर उलट शोध घे, म्हणजे शोधयंत्रात ते चित्रच टाकून ते आधी कुठे आलंय ते बघ, आणि सर्वांत जुनी नोंद शोध. जुन्या चित्राला नवी ओळ जोडणं ही फार वापरली जाणारी लबाडी आहे. काही सापडलं नाही तर कडा कापून किंवा डावं-उजवं उलटवून पुन्हा बघ. व्हिडिओतून तीन-चार स्थिर चित्रं काढ, पाट्यांची लिपी, सावल्या, हवामान यांचा दावा केलेल्या जागेशी मेळ बसतो का ते पाह. फाइलमध्ये तारीख-वेळेची माहिती नाही यावरून काही ठरवू नकोस, समाजमाध्यमं ती बहुधा पुसून टाकतात. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेलं चित्र ओळखणाऱ्या साधनांवर विसंबू नकोस. चित्र अनेकदा फिरून त्याची फाइल दाबून लहान झाली की ती चुकतात. 'खरं दिसतंय का' यापेक्षा 'पहिल्यांदा कुणी टाकलं' हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

खोटं दुरुस्त करताना नुसतं 'हे खोटं आहे' म्हणून भागत नाही. १९९४ मधल्या एका प्रयोगात लोकांना गोदामाच्या आगीची बातमी टप्प्याटप्प्यानं दिली. आधी कपाटात रंग आणि गॅसच्या टाक्या होत्या असं कळवलं, मग कपाट रिकामं होतं अशी दुरुस्ती केली. दुरुस्ती लक्षात असूनही लोक आगीचं कारण रंग आणि गॅसच सांगत राहिले. आग मुद्दाम लावल्याचं दुसरं कारण दिल्यावर हे प्रमाण कमी झालं. डोक्यातली जागा रिकामी करायची तर तिथे दुसरं काही ठेवावं लागतं. म्हणून आधी खरी गोष्ट सांग, मग अफवेचा एकदाच उल्लेख कर, ती कशी रचली गेली ते दाखव, आणि शेवटी खरी गोष्ट पुन्हा. मथळ्यात अफवा लिहू नकोस. पुनरावृत्तीनं विधान खरं वाटू लागतं हे १९७७ पासून पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. खोटं चित्र दाखवावंच लागलं तर त्यावर आडवी ठळक खूण मारूनच दाखव, नाहीतर तुझीच पोस्ट कापून पुढे फिरते.

आता काम. चर्चेत असलेला, पण ज्यावर चांगलं सर्वेक्षण झालंय असा एक प्रश्न निवड. सर्वेक्षण उघडण्याआधी 'किती टक्के लोक याच्या बाजूनं आहेत' याचा तुझा अंदाज कागदावर लिही. ओळखीच्या दहा जणांकडून, एकमेकांना न दाखवता, तसाच अंदाज आणि त्यांचं स्वतःचं मत लिहून घे. मग सात दिवस त्या प्रश्नावर तुझ्यासमोर आलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेव: कुठे दिसली, कुणी पाठवली, मूळ कुणाचं, बाजू कोणती. शेवटी तिन्ही शेजारी मांड: नोंदवहीतलं दोन्ही बाजूंचं प्रमाण, दहा जणांचे अंदाज आणि सर्वेक्षणाचा आकडा. अंदाज यांपैकी कशाच्या जवळ गेले ते बघ, आणि तक्ता मला पाठव. दहा माणसांवरून निष्कर्ष काढू नकोस, पण पुढे मोठा अभ्यास कशाचा करायचा हे त्यातून दिसू लागेल.

बाकी भेटीअंती.