आधी थडग्यावरचे नाव वाचा

पूर्व युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू पणजोबांचे नाव एलिस बेटावरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातील स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरच्या, अधिकाऱ्याने बदलले, अशी कथा तुमच्याही घरात सांगितली जात असेल, तर ती प्रथम बाजूला ठेवा. प्रवाशांची यादी जहाज सुटण्याच्या बंदरात, म्हणजे हॅम्बुर्ग किंवा ब्रेमेनसारख्या ठिकाणी तयार होत असे आणि न्यूयॉर्कमधील अधिकारी तिच्यावरून केवळ पडताळणी करीत. नाव बदलले ते बहुधा कुटुंबानेच, अमेरिकेत स्थिरावताना. म्हणूनच यादीत ‘मॉरिस’ हे अमेरिकेत घेतलेले नाव न शोधता ‘मोइशे’ हे मूळ नाव शोधावे लागते.

हे मूळ नाव मिळवण्यासाठी, माझ्या मते, दफनभूमीइतकी चांगली जागा दुसरी नाही. थडग्यावरील हिब्रू मजकुरात पुरुषासाठी ‘बेन’ किंवा स्त्रीसाठी ‘बात’ या शब्दापुढे बहुधा वडिलांचे नाव कोरलेले असते, त्यामुळे एका शिळेवरून एक पिढी मागे जाता येते. आजूबाजूची थडगी आणि त्या विभागाचे प्रवेशद्वारही पाहा, कारण एकाच गावातून आलेल्या लोकांची मंडळे सभासदांसाठी एकत्र जागा विकत घेत आणि कमानीवर पुष्कळदा त्या गावाचे नाव असे.

अमेरिकेच्या जनगणनेत जन्मस्थान म्हणून नुसते ‘रशिया’ लिहिलेले आढळेल. त्या काळच्या रशियन साम्राज्यात आजचे लिथुआनिया, बेलारूस, युक्रेन आणि पोलंडचा मोठा भाग येत असे. नेमक्या गावासाठी सप्टेंबर १९०६ नंतरचे नागरिकत्वाचे अर्ज मागवा, कारण त्या वेळेपासून जन्मतारीख, जन्मस्थान आणि जहाज यांची नोंद होऊ लागली. आश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपातील ज्यू, घराण्यांत सहसा जिवंत नातलगाचे नाव बाळाला देत नाहीत. नातवाला आजोबांचे नाव दिसले, तर आजोबांच्या मृत्यूची नोंद त्याआधीच्या वर्षांत शोधा.