रात्रीच्या ड्यूटीआधी

प्रिय डॉक्टर,

सीपीआर (थांबलेल्या हृदयासाठी छातीवर दाब आणि श्वास) द्यायचा की नाही, हे रात्री तीनला ठरवायला जाऊ नकोस. संध्याकाळच्या राउंडलाच विचार, 'यांचं हृदय थांबलं तर काय करायचं?' डीएनएआर, म्हणजे हृदय थांबलं तर सीपीआर न देण्याचा निर्णय, घेतात ते उपचार करणारे वरिष्ठ, पेशंटशी किंवा घरच्यांशी बोलून. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यावरची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेव. फाइलमध्ये सही, तारीख, वेळ हवी. तोंडी निरोप चालत नाही. नोंद नसेल आणि शंका असेल, तर सुरू कर.

डीएनएआर म्हणजे सीपीआर द्यायचा नाही, एवढंच. ऑक्सिजन, मॉर्फिन, तोंडाची स्वच्छता, सगळं चालू राहतं. चालू व्हेंटिलेटर काढणं हा वेगळाच विषय. तिथे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाची आणि २०२३ च्या सुधारणेची, दोन वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया लागते.

नातेवाइकांना दाखवण्यापुरते चार दाब मात्र कधीच देऊ नकोस. ती फसवणूक आहे, आणि पेशंटच्या बरगड्या त्यातही मोडू शकतात.

सुरू केलंस तर पूर्ण. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ दे. दाबणारा दर २ मिनिटांनी बदल. दमलेल्याचे दाब उथळ पडतात आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. ॲड्रेनलिन १ मिलिग्रॅम, दर ३ ते ५ मिनिटांनी. एकाला नुसती वेळ लिहायला बसव, नाहीतर नंतर वीस मिनिटं झाली की दहा, यावर वाद होतो.

मॉनिटरवर व्हीएफ (हृदयाची नुसती अनियमित थरथर) असेपर्यंत सहसा थांबत नाहीत. २० मिनिटं सरळ रेषा, बरं करता येईल असं कारण सापडत नाही, श्वासनलिकेतली नळी नीट बसलेली असूनही ईटीसीओटू (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड) १० मिमी पाऱ्याच्या खाली: हे सगळं जुळलं तर थांबायचा विचार कर. एकट्या आकड्यावर नको. कारण शोधताना डायलिसिसच्या पेशंटचं वाढलेलं पोटॅशियम आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या छातीत कोंडलेली हवा आधी आठव. गार पडलेल्याला आधी ऊब दे, मग ठरव.

मृत्यू ठरवताना डोळ्यांच्या बाहुल्यांवर विसंबू नकोस. मण्यार चावलेल्याच्या बाहुल्या विस्फारून स्थिर होतात, हातपाय लुळे, श्वास बंद, पण नाडी लागते. त्याला मृत समजू नकोस. श्वास देत राहिलं तर तो परत येऊ शकतो.

थांबण्याआधी मोठ्यानं विचार, 'कुणाला काही राहिलंय असं वाटतं?' सिस्टरचंही ऐक. थांबल्यावर निदान पाच मिनिटं नाडी आणि मॉनिटर बघत उभं राहा, मग वेळ लिही. बाहेर जाऊन 'सिरियस आहेत' म्हणू नकोस. बसून, 'ते गेले' असं सांग.

तुझा,
सर