औषध आरशाला, बोल पंपाला

“ताई, येनी सवय लागी जास ना?” दम्याचा पंप हातात पडलेल्या रुग्णांकडून हा प्रश्न मी खानदेशात इतक्या वेळा ऐकला आहे, की कोणी पिशवीत हात घातला की तो मला आधीच ऐकू येतो. लग्नाच्या मुलीची आई पंप लपवते आणि घरातील कर्ते पुरुष ‘त्यापेक्षा गोळी बरी’ म्हणतात. वस्तुतः साल्ब्युटामॉलच्या (श्वासनलिका मोकळ्या करून तात्काळ आराम देणाऱ्या औषधाच्या) एका फवाऱ्यात साधारण 100 मायक्रोग्रॅम औषध असते, तर 4 मिलिग्रॅमच्या गोळीत त्याच्या 40 पट, आणि ते रक्तातून सर्व शरीरभर फिरत छातीपर्यंत पोहोचते. हे गणित मी पूर्वी सर्वांना समजावत असे. माणसे मान डोलावत आणि घरी जाऊन पंप फळीवर ठेवून देत.

अमळनेर तालुक्यातील एका चाळिशीच्या बाईंनी, ज्यांना मी अक्का म्हणत असे, मला माझी चूक दाखवली. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांचा दमा उसळत असे. माझ्या प्रत्येक समजावणीवर त्यांचे एकच उत्तर होते: “आधी दोनदा दाबत होते, आता आठदा दाबते, तरी छाती मोकळी होत नाही. मग ही सवय नाही तर काय?”

तिसऱ्या भेटीत मी बोलणे थांबवले, लहान आरसा त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हटले, “अक्का, कसा घेता ते दाखवा.” त्यांनी पंप न हलवताच छातीभर श्वास भरून घेतला, मग पंप तोंडात धरून दाबला. ओठांच्या कडेने पांढरा धूर निघून आरशावर पसरला. अक्का त्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “ताई, औषध तं आरसानी खादं!”

आम्ही दोघी हसलो, परंतु मला त्या क्षणी जे उमगले ते मी अजून विसरलेले नाही. औषध छातीत पोहोचतच नव्हते, म्हणून आराम पडत नव्हता. आराम पडत नव्हता, म्हणून पुन्हा पुन्हा दाबावे लागत होते. आणि त्या दाबण्यालाच त्या सवय म्हणत होत्या. त्यांची भीती अडाणीपणाची नव्हती, अनुभवाची होती. भीतीशी वाद घालण्यापेक्षा हाताला काम शिकवावे, हे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आणि ते बदलण्याचे कारण मला अद्याप सापडलेले नाही.

पंप हलवणे त्या लगेच शिकल्या. अडचण होती ती श्वास आधी रिकामा करण्याची. चुलीपुढे फुंकणीने घालतात तशी लांब फुंकर बाहेर सोडायला सांगितल्यावर ते जमले (चुलीचा धूर दम्याला वाईट, हे मी त्याच वेळी सांगून घेतले). मग ओठ घट्ट मिटून, सावकाश श्वास आत ओढू लागतानाच दाबायचे आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. दुसरा फवारा हवा असल्यास अर्धा-एक मिनिट थांबायचे. तरीही दाबणे आणि ओढणे जुळेना, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, दिला. दुसरा, रोजचा स्टेरॉइडचा पंप अक्कांनी ‘बरे वाटते’ म्हणून बंद केला होता. श्वासनलिकांची सूज तोच उतरवतो, म्हणून तो बरे वाटत असतानाही घ्यायचा आणि घेतल्यावर चूळ भरायची, हे त्यांना पटले. तात्काळ आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागू लागला तर डॉक्टरांकडे जायचे आणि धाप लागून वाक्य पुरे करता येईनासे झाले तर पंप घेत थेट रुग्णालय गाठायचे, हेही ठरले.

पुढच्या भेटीत अक्का आपल्या जाऊबाईंना घेऊन आल्या आणि स्वतःच शिकवू लागल्या: “सावकाश ओढ, सावकाश.” जाऊबाईंच्या हातात मात्र कॅप्सूल घालून घ्यायचा रोटाहेलर होता. त्यातली पूड सावकाश नव्हे तर जोरात, झटक्याने ओढूनच आत जाते, म्हणून मला मध्येच अडवावे लागले. अक्का जरा हिरमुसल्या, पण आरसा त्यांनी जाऊबाईंच्या समोरून हलवला नाही.